सोमवारची हजेरी

साल १९९६. वय एक्कावन्न, हुद्दा हवालदार. वाळवा तालुक्यातल्या एका ठाण्यात मी नेमणुकीला होतो. नोकरीत गुन्हे शेकड्यानं पाहिले आणि बरेचसे विसरूनही गेलो. हा एक मात्र मी मुद्दाम विसरलेलो नाही.

माझी शाळा सातवीपर्यंत, तीही एकदा नापास होऊन. मूळ गाव म्हसवडच्या पलीकडं, माळरानावरचं. भरतीचा अर्जसुद्धा दुसऱ्यानं लिहून दिला होता. पण पंचनामा लिहायला मी असा शिकलो की एकोणतीस वर्षांत माझा एकही पंचनामा कोर्टात पडला नाही. हे मी भेटेल त्याला ऐकवत असे. त्या साली सहायक फौजदाराच्या बढतीच्या यादीत माझं नाव होतं. या दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे घडलं त्यात त्यांचा हात आहे.

तेव्हा आडबाजूच्या गावांना एसटी दिवसातून दोनदा यायची, तीही आली तर. एरवी सगळा कारभार वडाप जीपवर. नऊ माणसांची गाडी, आत अठरा, मागच्या फळीवर तीन-चार लोंबकळत, टपावर भाजीच्या पाट्या आणि पाय बांधलेल्या कोंबड्या. आम्ही रोज बघायचो आणि रोज सोडायचो. नाही सोडलं तर माणसं बाजाराला जाणार कशानं?

उसाचा हंगाम होता. भर दुपारी निरोप आला की इस्लामपूरच्या बाजारातून परत येणारी वडाप जीप वळणावर पाटात गेली. दोन शिपाई घेऊन गेलो. पाटाला पाणी कमी होतं म्हणून निभावलं. एकाचा हात मोडला, बाकीच्यांना मुका मार. चालक उसात पळाला होता. सीटखाली रमची फुटकी बाटली सापडली. मी टायरच्या खुणा मोजल्या, बाटलीचा तुकडा सील केला, पंच घेतले. गाडीतल्या माणसांना विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर, "घरचंच पोरगं हुतं, त्वांड न्हाई बगितलं."

जीप कुणाची हे साऱ्या भागाला ठाऊक होतं. फौजेतून सुभेदार होऊन आलेले एक म्हातारे, त्यांना तीन मुलगे. थोरला शेती बघायचा, मधला जीप चालवायचा, धाकटा दोन्हीकडं हाताखाली. दोन तासांनी सुभेदार धाकट्याला घेऊन ठाण्यात आले. पाठ ताठ, मिशी ताठ.

"राम राम हवालदार. गाडी ह्यो चालवत हुता. चुकला. पळाला, त्ये बी चुकलंच. म्हून हजर करायला आणलाय."

धाकट्याच्या तोंडाचा वास टेबलापर्यंत येत होता. पाय ठरत नव्हते. ठाण्याच्या पायरीवरच तो भडाभडा ओकला. खिशात लायसन निघालं, त्याच्याच नावाचं. मी ठाणे डायरीला नोंद घेतली, दारूच्या तपासणीचं पत्र देऊन त्याला ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. डॉक्टरांनी दारू प्यायल्याचा दाखला दिला. 'सदर इसमाचे तोंडास दारूचा उग्र वास येत असून त्याने पायरीवर ओकारी केली', हे वाक्य मी मोठ्या हौसेनं लिहिलं. एका दिवसात गुन्हा उघड. फौजदार साहेबांनी पाठ थोपटली.

कोर्टात धाकट्यानं गुन्हा कबूल केला. मला वाटलं, आता थोडे दिवस तरी आत जाईल. पण न्यायाधीश साहेबांनी सांगलीहून प्रोबेशनच्या बाईंचा अहवाल मागवला. या बाई तिशीच्या, खांद्याला कापडी पिशवी, एसटीनं यायच्या. त्यांनी लिहून दिलं की वय चोवीस, पहिलाच गुन्हा, कबुली दिली आहे, तेव्हा तुरुंगाऐवजी एक वर्ष देखरेखीखाली सोडावं. तशी दारूवाल्या चालकांसाठी कुठं छापील योजना नव्हती. कायद्यात पहिल्या गुन्ह्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडायची जी सोय आहे, तिला बाईंनी स्वतःच्या डोक्यानं अटी जोडल्या होत्या. वर्षभर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. दर सोमवारी ठाण्यात हजेरी. दर रविवारी ग्रामीण रुग्णालयात, अपघातात सापडलेली माणसं येतात तिथं पडेल ते काम. महिन्यातून एकदा सांगलीला बाईंसमोर बसायचं. साहेबांनी मान्य केलं.

कोर्टाच्या व्हरांड्यात मी बाईंना गाठलं.

"बाई, दारू पिऊन अठरा माणसं पाटात घातली, आणि तुम्ही त्याला पट्ट्या बांधायला पाठवताय?"

"हवालदार, तुरुंगात जाऊन दारू सुटलेले किती पाहिलेत तुम्ही?"

"मोजायचं काम माझं नाही. माझं काम पकडायचं."

"मग माझं काम, तो परत तुमच्या हातात पडू नये हे बघायचं."

"पडेल. सहा महिन्यांत पडेल. लिहून घ्या."

त्यांनी खरंच वहीत लिहून घेतलं. मला राग आला.

सोमवारची हजेरी सुरू झाली. धाकटा सायकलवरून यायचा, बाकड्याच्या टोकाला बसायचा. शिपाई चिडवायचे, "काय सुभेदाराचं शेंडेफळ, आज किती लावली?" तो खाली बघून म्हणायचा, "न्हाई सायेब." मी दर सोमवारी त्याच्या तोंडाचा वास घ्यायचो. दारू सोडा, तंबाखूचासुद्धा वास नाही. चार महिने झाले. मला वाटू लागलं की हा आपल्या धाकानं सुधारला. बाई ठाण्यात आल्या तेव्हा बोलूनही दाखवलं, "तुमच्या पट्ट्या राहू द्या, माझ्या बाकड्यानं सरळ केला."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पिणारा माणूस सोडताना घसरतो, हवालदार. एकदा, दोनदा तरी घसरतोच. हा एकदाही घसरला नाही. मला तेच खटकतंय."

मी शिपायाकडं बघून डोळा मिचकावला. शिकलेल्या माणसाला चांगलं झालेलंही खटकतं, असं म्हणालो.

त्यानंतर एका शनिवारी अंडी विकणारी एक म्हातारी ठाण्याच्या दारात आली. बाजाराला जाणारी, सगळे तिला मावशी म्हणायचे. पाटी पायरीवर ठेवून ती म्हणाली,

"आवं हवालदार, हिकडं या जरा. अंडी खपवायची न्हाईत, गोष्ट सांगायची हाय."

"बोला मावशी."

"त्या पोराला दर सोमवारी बाकड्यावर बशिवता, त्येनं केलंय तरी काय?"

"दारू पिऊन जीप पाटात घातली."

"त्येनं?" म्हातारी पदर तोंडाला लावून हसायला लागली. "आवं, त्येला उताराला सायकल धड आवरत न्हाई. मी त्या दिशी गाडीत हुते. म्होरंच बसले हुते. हाकणारा मधला हुता."

"मग जबाबात का नाही सांगितलंत?"

"आन बाजाराला काय तुमच्या खांद्यावर बसून जाऊ? दुसरी गाडी हाय का आमच्या वाटंला?" ती गंभीर झाली. "आता तर मधला सकाळच्या पारीच टाकून येतोय. परवा बैलगाडीला चाटून गेली. एक दिवस मारंल समद्यास्नी. बगा काय तरी."

"बघतो," मी म्हणालो.

सोमवारी धाकटा आला. ठाण्याची जीप भिंतीकडं तोंड करून उभी होती. मी चावी त्याच्याकडं टाकली. "जरा मागं घे, सावलीत लाव."

"मला गाडीला हात लावायचा न्हाई सायेब, मॅडमनी सांगितलंय."

"मी सांगतोय. बस."

बसला. चावी फिरवली. गिअरचा दांडा हातात धरून तो त्याच्याकडं असा बघत राहिला की जणू दांडाच त्याला काही सांगणार आहे. जीप दोनदा आचका देऊन बंद पडली. तिसऱ्यांदा पुढं गेली आणि भिंतीला टेकली. शिपाई हसत होते. मला हसू आलं नाही. वास घेतला होता, लायसन बघितलं होतं, ओकारीसुद्धा कागदावर घेतली होती. एकदा गाडीत बसवून बघावं, हे एकोणतीस वर्षांच्या हवालदाराला सुचलं नव्हतं. लायसन तर एजंटानं काढून दिलेलं.

त्याला आत नेलं, दार लोटलं, चहा सांगितला. मारहाणीची गरज नसते. खरं बोलायला टेकलेला माणूस चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो. त्यानं तसाच धरला.

"कुणी ठरवलं?"

"नानांनी, आमच्या वडलांनी. म्हनले, मधल्या दादाचं लायसन गेलं तर गाडी उभी ऱ्हाईल, घर बसंल. तुज्या नावावर काय न्हाई. पयल्या येळंला कोर्ट सोडतंय, वकिलाला इचारलंय. डाग बी लागत न्हाई."

"आणि दारू?"

"त्या दिशी पयल्यांदाच. नानांनी मिल्ट्री कँटीनची बाटली काढली आन गिलासभर पाजली. मला वास बी सोसत न्हाई सायेब."

मुरलेला पिणारा एवढ्यावर ओकत नाही. हे मला नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांतच कळलं होतं. जो पुरावा म्हणून मी मिरवला, तोच उलटा पुरावा होता.

"सायेब," तो म्हणाला, "दादाला मॅडमकडं पाठवा. मी दर ऐतवारी बगतोय तिथं. एकदा तर शाळंतली पोरगी आणली हुती, तिचं पाय मी धरलं हुतं. घरी येऊन दादाला सांगितलं तर हसला. त्येनंच बगायला पायजे हुतं सायेब. त्येच्या जागी मीच गेलो, मग त्यो कसा सुधरंल?"

इथं मला ताबडतोब फौजदार साहेबांकडं जाऊन सगळं नोंदवायला हवं होतं. ते मी केलं नाही. धाकट्याला घरी पाठवलं. बढतीची यादी आठवड्यात निघणार होती आणि माझा खोटा पडलेला पंचनामा मला आत्ताच वर काढायचा नव्हता. मनाची समजूत घातली की काम तर व्हायला हवं, कागद नंतर. मंगळवारी, बुधवारी स्वतः वळणावर उभा राहिलो. मंगळवारी मधल्याच्या तोंडाला वास आला, दोन थोबाडीत ठेवून दिल्या, चावी दिवसभर काढून घेतली. बुधवारी तो शुद्धीत होता. मला वाटलं, झालं काम. कागदावर काही न येऊ देता माणूस सरळ करायचा, ही आमच्या पिढीच्या पोलिसाची जुनी खोड. गुरुवारी मला दुसऱ्या खटल्यात साक्षीला जायचं होतं.

गुरुवारी बाजार. दुपारी त्याच वळणावर जीप लिंबाच्या झाडावर आदळून आडवी झाली. मी कोर्टातून पोहोचलो तेव्हा अकरा जखमी रुग्णालयात गेले होते. अंडी विकणाऱ्या मावशीचं खुब्याचं हाड मोडलं होतं, तिला तसंच सांगलीला हलवलं. मधला झाडाखाली बसून होता, पळण्याइतकीही शुद्ध नव्हती. त्याला उचलून ठाण्यात आणला.

तासाभरात सुभेदार आले. बरोबर थोरला. थोरल्याच्याही तोंडाला वास.

"हवालदार, गाडी थोरला चालवत हुता. मधला नुसता शेजारी बसलाय. ह्येची बी पयलीच येळ हाय."

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. रेशन कार्डावर जेवढी नावं तेवढी साखर, तसा त्यांनी हिशेब धरला होता. घरात तीन पोरं, म्हणजे कोर्टाच्या तीन माफ्या.

"आणि तिन्ही पोरं संपल्यावर, सुभेदार? चौथ्या वेळेला कोण?"

"मी यीन की. माजी बी पयलीच असंल."

चेष्टा नव्हती. माणूस खरंच तयार होता. "पलटणीत एकाच्या अंगावर आलं की दुसरा म्होरं हुतो, हवालदार. त्यात लबाडी कसली?"

"गाडीत अठरा माणसं होती, सुभेदार. त्यांच्या पुढं कोण झालं?"

त्यांची ताठ पाठ तशीच होती, पण हात खुर्चीची कड धरायला गेला.

फौजदार साहेबांनी मला बाजूला घेतलं. "हवालदार, थोरला हजर झालाय, दाखला मिळेल, मिटवा. जुनं उकरलं तर पहिला पंचनामा तुमचा आहे. यादी आठवड्यात निघतेय."

मी ठाणे डायरी मागवली. लिहिलं की जानेवारीच्या गुन्ह्यात चालक कोण हे मी त्याच्या स्वतःच्या सांगण्यावरून लिहिलं, खात्री केली नाही. खरा चालक मधला भाऊ. ही माहिती मला शनिवारी कळली, सोमवारी तिची खात्री झाली, आणि आजपर्यंत मी ती नोंदवली नाही. साहेबांनी वाचलं.

"हे शेवटचं कशाला लिहिलंत? ते कुणाला ठाऊक नाही."

"मला ठाऊक आहे साहेब."

खात्याची चौकशी झाली, वेतनवाढ थांबली, बढती दोन वर्षं मागं गेली. मधल्याला शिक्षा झाली. धाकट्याला कोर्टानं कडक शब्दांत सुनावलं. बाईंनी मधल्यासाठीही अर्ज केला, की सुटल्यावर त्याला आपल्या देखरेखीखाली द्यावं. तो त्यांच्याकडं जायला लागला आणि दोनदा घसरला, एवढं कानावर आलं. पुढचं मला माहीत नाही, माझी आटपाडीला बदली झाली.

या तपासानं काय शिकवलं ते माझ्या भाषेत सांगतो. ज्यानं माणूस मारला किंवा अधू केला त्याला आत टाकावं, असं मी आजही म्हणतो आणि मरेपर्यंत म्हणेन. पण बाईंची ती सोय चुकीची नव्हती. चुकीच्या माणसाला दिली गेली, आणि तो चुकीचा माणूस त्यांना माझ्या पंचनाम्यानं दिला होता. ज्याला आपण पहिला गुन्हा म्हणतो ती पकडलं जाण्याची पहिली वेळ असते. त्याआधी तो माणूस पन्नास वेळा पिऊन गाडीवर बसलेला असतो. त्याला वळवायचं तर हीच एक संधी, आणि ती त्याच्याच अंगाला लागली पाहिजे. दवाखान्यात फोडलेली किंकाळी त्याच्याच कानात गेली पाहिजे. दुसऱ्यानं ऐकून ती पोचत नाही. पुढं जितकी वर्षं नोकरी केली, तितकी वर्षं असा चालक हजर झाला की मी आधी त्याला गाडीत बसवायचो. नवे शिपाई हसायचे. हसू दिलं.

बाईंना मी चुकलो असं तोंडानं कधी म्हणालो नाही. तेवढं माझ्याच्यानं झालं नाही.

डायरी लिहिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या एसटीनं सांगलीला गेलो. सरकारी दवाखान्यात मावशी उताणी पडली होती, पायाला वजन बांधलेलं. मला बघून तिनं मान वळवली.

"आलात व्हय? बगतो म्हनला हुता न्हवं?"

"म्हणालो होतो, मावशी."

"मंग? बगितलं?"

मी स्टुलावर बसलो, पॅड मांडीवर घेतलं. "तुमचा जबाब घ्यायचाय. शनिवारपासून सांगा."

"शनवारपासून सांगायचं तर तुमी बी येता त्यात."

"येऊ दे."

ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. शेवटी रीतीप्रमाणं वाचून दाखवलं. 'शनिवारी मी ठाण्याचे हवालदारांस ही गोष्ट सांगितली होती. त्यांनी बघतो असे सांगितले, परंतु त्याची नोंद केली नाही, म्हणून आज माझी ही अवस्था झाली.'

म्हातारीनं माझ्या पॅडवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "त्ये शेवटचं खोडा. तुमची नोकरी जाईल लेकरा."

"जबाबात खोडाखोड चालत नाही, मावशी," मी म्हणालो, आणि शाईची डबी उघडून तिच्या डाव्या अंगठ्यासाठी हात पुढं केला.